चाकापाशी चालणारा माणूस

कोजागरीच्या संध्याकाळी आमची धाकटी कपाट उघडून कपडे निवडत होती. भुलाबाईचा, म्हणजे मुलींनी महिनाभर गाणी म्हणायच्या आणि खाऊ ओळखायच्या सणाचा, शेवटचा दिवस, त्यामुळे घरात नुसती धांदल. टिपऱ्यांची एक जोडी सापडत नव्हती. खाऊचा डबा कुणी हलवून बघू नये म्हणून तिनं तो गव्हाच्या कोठीमागे लपवला होता, आणि खाऊ काय आहे ते घरातसुद्धा मोठ्यानं बोलायचं नाही असा सगळ्यांना दम भरला होता. पलंगावर नवरात्रात शिवलेला मोरपंखी घागरा पसरलेला. तिनं तो उचलला, अंगाशी धरून आरशात पाहिलं आणि घडी घालून परत ठेवला. मग खालच्या कप्प्यातून गॅदरिंगचा पांढरा फ्रॉक ओढून काढला. तो तिला आता गुडघ्याच्या वर जातो. मी म्हटलं, "अगं, घागऱ्याला काय झालं?" तर म्हणाली, "तो गडद आहे ना मम्मी. रात्री गाडीवाल्याला दिसत नाही." शाळेत कुणीतरी येऊन रस्ता सुरक्षेवर बोलून गेलं होतं. बाकीच्या मुली खिडकीबाहेर बघत असताना हिनं ते कान देऊन ऐकलं असणार. मी तिला शाबास म्हटलं, आणि ते बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं. तरी त्या संध्याकाळपासून काहीतरी खुपत राहिलंय.

सणाच्या दिवशी मुलगी आरशासमोर उभी राहते ती आपण कशा दिसतो हे बघायला. ही आपण दिसतो की नाही ते बघत होती.

माझी भुलाबाई चोपडा तालुक्यातल्या एका लहान गावातली. भादव्याच्या पौर्णिमेला मातीचे भुलोबा-भुलाबाई भिंतीतल्या कोनाड्यात बसायचे ते थेट कोजागरीपर्यंत. महिनाभर दिवेलागणीनंतर आम्हा मुलींचा घोळका घराघरांतून फिरायचा. एका घरची गाणी झाली, खाऊ ओळखून झाला, की पुढचं घर. गाणी कितीही गोड असली तरी अर्ध्या मुलींचं लक्ष डब्याकडेच. झाकण न उघडता डबा हलवायचा आणि आवाजावरून ताडायचं. खळखळला तर फुटाणे, सळसळला तर मुरमुरे. एका काकूनं एकदा बिबड्यांचे तुकडे फडक्यात गुंडाळून ठेवले होते. आवाजच येईना, सगळ्या हरलो. ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी रोज तेच विचारायची, "कथा चालनी व माय?" म्हणजे कुठं चाललीस गं, आणि आम्ही रोज तेच उत्तर द्यायचो. वीज असली तर असायची. नसली की पुढच्या मुलीची वेणी धरून चालायचं. भीती नव्हती असं नाही. विंचवाची होती, एक मैत्रीण विंचू चावून रात्रभर तळमळली होती. पारावरच्या कुत्र्याची होती, चिंचेखालच्या हडळीची तर होतीच होती. गाडीची मात्र नव्हती, कारण गाडी म्हणजे एकच, मुक्कामी एसटी. ती वेशीपासूनच हॉर्न वाजवत यायची आणि गावात शिरली की माणसाच्या चालीनं चालायची. ड्रायव्हरमामांना आमच्या फिरण्याची वेळ ठाऊक होती. ग्रामपंचायतीसमोर गाडी लावून झाली की ते हात पुढे करायचे, आणि आम्ही मुकाट्यानं खाऊतला वाटा द्यायचो.

आता हे लिहिताना मी जरा सावध आहे. "आमच्या वेळी" म्हटलं की माणसाचा आवाज आपोआप ओला होतो आणि विंचू विसरला जातो. त्या गावात आजारी माणसाला तालुक्याला न्यायचं तर बैलगाडी जुंपावी लागायची, हेही मला आठवतं. रस्ता आला, मोटारी आल्या, हे चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच, की तेव्हा गल्लीत शिरणाऱ्यानं गल्ली ओळखायची होती. गल्लीतल्या पोरीनं गाडी ओळखायची नव्हती.

जळगावात आम्ही राहतो ते हायवेच्या अलीकडे, आणि धाकटीच्या निम्म्या मैत्रिणी पलीकडे. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग सहा म्हणून ओळखला जायचा, आता त्याचा नंबर ५३. तो गुजरातच्या समुद्राकडून निघून पार पूर्वेकडे जातो आणि वाटेत आमच्या शाळा, दवाखाने, भाजीच्या गाड्या, मंगल कार्यालयं असं सगळं ओलांडतो. खरं तर ओलांडतो आम्ही. समांतर रस्त्यांसाठी इथे किती आंदोलनं झाली ते जळगावकरांना सांगायला नको. त्या मागणीच्या काळात जन्मलेली पोरं आता स्वतः लायसन काढून बसली आहेत. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावं आमच्याकडे पत्ता सांगायला जेवढी वापरतात तेवढीच "सांभाळून जा गं" या वाक्याच्या आधीही येतात. आणि सणाची रात्र असली की या रस्त्यावर दोन वेगळी जगं एकदम उतरतात. एकीकडे लेकराला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात दुधाचा डबा धरून निघालेलं घर. दुसरीकडे सकाळपर्यंत नागपूर गाठायचं ठरवून निघालेला ट्रक. त्या ट्रकवाल्याला कोजागरी आहे हे माहीत असायचं काहीच कारण नाही. त्याला दिसतो तो फक्त मोकळा रस्ता.

दुभाजकातल्या फटीबद्दल मला नेहमी लिहावंसं वाटत आलंय. रुंद रस्त्याच्या मधोमध लोखंडी जाळी लावलेली असते, आणि तिच्यात कुठेतरी दोन गज वाकवून माणूस आडवा जाईल एवढी वाट केलेली असते. ती वाट कुणी केली हे कुणालाच माहीत नसतं. काही महिन्यांनी ती बुजवली जाते, पुन्हा काही दिवसांनी तिथेच, अगदी त्याच गजांपाशी, ती उघडते. लोक बेशिस्त आहेत असं यावर म्हणता येतं, म्हणतातही. पण नीट पाहिलं तर अशी फट उगाच कुठेही पडत नाही. एका बाजूला रिक्षाथांबा आणि समोर दवाखाना, किंवा एका बाजूला वस्ती आणि समोर पिठाची गिरणी, अशाच जागी ती पडते. जिथे ओलांडायची सोय हवी होती ती जागा लोकांनी गज वाकवून दाखवून दिलेली असते, तीही फुकटात. कागदावर रस्ता आखणाऱ्यानं एकदा संध्याकाळी तिथे उभं राहून बघितलं असतं तरी पुष्कळ काम झालं असतं.

भुयारी मार्ग आहेत की, असं यावर उत्तर येतं. आहेत. दिवसा मीही जाते. पण रात्री साडेनऊला, गरब्याहून किंवा कोजागरीहून परतताना, सोबत दोन लहान मुली असताना एखादी बाई त्या बोगद्याच्या तोंडाशी थबकते, आत बघते आणि वळून दुभाजकाच्या फटीकडे जाते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. आत एक दिवा गेलेला असतो, पावसाळ्याचं पाणी अजून साचलेलं असतं, आणि भिंतीला टेकून दोन-तीन जण नुसते उभे असतात. कदाचित अगदी सज्जन असतील. पण त्या बाईला तेवढ्या वेळात हिशेब करायचा असतो, की ट्रकचा धोका पत्करायचा की अंधाराचा. ती ट्रकचा पत्करते, कारण ट्रक निदान दिसतो. सुरक्षेचा विचार करणाऱ्या पुरुषमंडळींच्या यादीत हा हिशेब बहुतेक नसतोच.

आमच्या घरात या विषयावर दोन्ही बाजूंची माणसं आहेत.

पुतण्या बारावीत आहे, अजून अठरा पूर्ण नाहीत. कोजागरीला ऐन वेळी दूध कमी पडतं, दरवर्षी पडतं, आणि जाऊबाई खुंटीवरची स्कूटरची किल्ली त्याच्याकडे फेकतात, "जा रे, पटकन घेऊन ये." मी एकदा म्हटलं होतं, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोरगं पकडलं गेलं तर गुन्हा पालकावर किंवा गाडीच्या मालकावर लागतो, पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. जाऊबाई म्हणाल्या, "दूध आणायला कोण कैद करतं?" आणि सगळे हसले. मीही हसले, कारण दूध खरंच हवं होतं आणि चारोळी, केशर घालून पातेलं चुलीवर चढलेलं होतं. पोरगं वाईट नाही. गल्लीतल्या मुलींना कोपऱ्यापर्यंत सोडायला तोच जातो, टिपऱ्या त्यानंच सुताराकडून घासून आणल्या होत्या. पण किल्ली हातात आली की त्याच्या मानेची ठेवणच बदलते. "काकू, चाळीसच्या वर जात नाही मी," असं तो मला सांगतो, आणि मी गच्चीवरून त्याला वळणावर दिसेनासा होताना पाहिलेलं असतं.

त्याला मी एकदा वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं, बारावीचं सायन्स आहे म्हणून. साठच्या वेगातली गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडी जास्तच पुढे जाते. समोर कुणी आहे हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर तिथेच संपले. मग टायर धरून गाडी थांबायला आणखी वीसेक. सगळे मिळून पंचेचाळीस मीटर, तेही रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातलं माणूस तीसेक मीटरच्या आत आल्याशिवाय धड दिसत नाही. पांढरं त्याहून लांबून दिसतं. आता हेच तीसच्या वेगाला मांड, म्हटलं. त्यानं मांडलं. सतरा-अठरा मीटरमध्ये गाडी उभी. "म्हणजे काळे कपडे असले तरी थांबते," तो म्हणाला. मला वहीत नेमकं तेच हवं होतं. तीसच्या वेगात माझी मुलगी मोरपंखी घागरा घालू शकते. साठच्या वेगात तिला पांढरा फ्रॉक घालावा लागतो, आणि तरीही दैवावर हवाला ठेवावा लागतो.

जगातल्या शहाण्यांनी हे फार आधी मांडून ठेवलंय. माणसं आणि वाहनं जिथे एकत्र वावरतात तिथे वेग ताशी तीसच्या आत हवा, असं २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात आलं. पन्नासच्या वेगाऐवजी पासष्टच्या वेगात मोटारीची धडक बसली तर पायी माणूस दगावण्याची शक्यता साडेचार पट होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंधराचाच फरक. आपल्याकडे ओव्हरटेक करताना तेवढा सहज वाढतो आणि कुणी काट्याकडे बघतही नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. दर पाचांमागे जवळपास एक जण नुसता चालत होता. कुणी दूध आणायला निघालं असेल, कुणी देवीला.

दुचाकीवर नवरा, बायको आणि मधे दोन लेकरं असं कुटुंब सणाला दिसलं की आपण चुकचुकतो. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं चालवणाऱ्याशी बांधायचं, हेल्मेट घालायचं आणि वेग चाळीसच्या आत ठेवायचा, असा नियम २०२२ मध्ये निघालाय. असा पट्टा बांधलेलं पोर मी जळगावात अजून पाहिलेलं नाही. पण त्या चौघांकडे बघताना मला राग येत नाही. ते कुसुंब्याहून किंवा असोद्याहून शहरात देवीला आलेले असतात, लेकरांनी फुगा घेतलेला असतो, आणि रात्री अकराला त्यांना परत नेणारी गाडी नसते. त्यांना पावती फाडून देणं सोपं आहे. घरी कसं जायचं ते सांगणं अवघड.

शहराबाहेर पडलं की वेगळीच तऱ्हा. आश्विनात आमच्याकडचा अर्धा संसार डांबरी रस्त्यावर येतो. मका वाळत घातलेला असतो, ज्वारी पसरलेली असते, आणि गाडी दाण्यांवरून जाऊ नये म्हणून कडेनं मोठाले दगड मांडलेले असतात. संध्याकाळी धान्य पोत्यात भरलं जातं, दगड तिथेच राहतात. कापूस वेचणी सुरू झालेली असते. दोन्ही अंगांनी फुगलेली, मागचा दिवा कापसात बुडालेली गाडी अंधारात समोर कधी येते ते कळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टरची पट्टी असलीच तर शेणामातीखाली. माझा मामा स्वतः रस्त्यावर मका वाळवायचा, त्यामुळे मला तोंड वर करून बोलायची सोय नाही. त्याच्याकडे खळं उरलं नव्हतं, भावाभावांच्या वाटणीत गेलं होतं, आणि डांबरासारखं तापणारं, स्वच्छ, आयतं खळं दुसरं कुठे मिळणार? तरी दगड उचलायला काय होतं, हे मी त्याला विचारायचे. "सकाळी परत लागतात ना," असं तो म्हणायचा.

माझा भाऊ चैत्रात वणीला पायी जातो. खान्देशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाचा पारा चाळिशीच्या वर, म्हणून चाल रात्रीची. धुळ्यापुढे मालेगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर त्या रात्रींमध्ये भगव्या पताका, ढोल-डफ, चपला हातात घेतलेल्या बाया, आणि ठिकठिकाणी ताक-पाणी घेऊन उभी असलेली अनोळखी माणसं. मी लग्नाआधी एकदा थोडं अंतर गेले होते. पायाला फोड आले ते आठवत नाही, पाठीमागून येणारा उजेड आठवतो. आधी आपलीच सावली पुढे लांब पडते, मग ती झपाट्यानं आखडत पायाशी येते, आणि मग वारा. दर वेळी वाटायचं, आता. आमचा देवीचा फोटो लावलेला टेम्पो तेव्हा सगळ्यांच्या पुढे असायचा, कारण देवी पुढे हवी, गाणी पुढे हवीत. शेवटच्या चार म्हाताऱ्या त्याच्यापासून फर्लांगभर मागे, अंधारात.

एका वर्षी त्यांच्या वाटेवर दुसऱ्या गावच्या मंडळींमध्ये काहीतरी वाईट घडलं. भाऊ त्याबद्दल बोलत नाही. पण पुढच्या खेपेपासून त्यांनी टेम्पो मागे घेतला, चारही इंडिकेटर चालू ठेवून. देवीचा फोटो मात्र वादावादीनंतर पुढेच राहिला, एका हातगाडीवर. शेवटचा माणूस ठरलेला असतो, त्याच्या पाठीवर चकाकणारं जाकीट आणि हातात लाल बॅटरी, आणि तो तरुण असतो, म्हातारा नाही. रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी डोळ्यांना दिसते. डीजेचा आवाज हॉर्न ऐकू येईल इतकाच. हे शेवटचं कलम दर वर्षी मोडतं, असं तो हसत सांगतो.

यात मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा माणूस. कारण तसा माणूस आमच्याकडे फार जुना आहे. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा. उंच लाकडी रथ, पुढे दोरखंड ओढणारी माणसं, अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर, गच्च्यांवर माणसंच माणसं. इतकं प्रचंड धूड एवढ्या दाटीतून वळतं कसं? त्याला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. त्याच्या चाकांपाशी मोगरीवाले चालतात. लाकडाची मोगरी ऐन क्षणी चाकाखाली सरकवायची, की रथ थांबतो. थोडी तिरकी लावली की वळतो. अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या रथालाही अशीच मोगरी लागते. ज्याला हे काम येतं त्याचा मान मोठा. लहानपणी मला वाटायचं, रथाचा मान ओढणाऱ्यांचा, कारण जयघोष त्यांचा. आता मी गर्दीत उभी असते तेव्हा माझी नजर त्या वाकलेल्या माणसावरच असते. त्याचं देवाकडे लक्ष नसतं, लोकांकडेही नसतं. चाक आणि चाकासमोरची जमीन, एवढंच तो बघत असतो. त्या रथाखाली पोर येऊ नये ही जबाबदारी पोरावर किंवा त्याच्या आईवर टाकून कुणी मोकळं झालेलं नाही. रथ चालवायचा तर मोगरीवाला हवा, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कुणी शाळेत येऊन सांगितलं नव्हतं.

धाकटीच्या फ्रॉकमध्ये मला काय खुपलं ते मला रथाच्या दिवशी नीट कळलं, कोजागरीनंतर अवघ्या काही आठवड्यांनी. शिकवलं कुणाला, तर सगळ्यांत लहान माणसाला. ज्याच्या हातात हँडल आहे त्याला कुणी बसवून शिकवलेलं नाही. चौकात फलक लागतात तेही पायी माणसाला उद्देशून, डावी-उजवीकडे बघा, घाई करू नका, मुलांचा हात धरा. मी मुलांचा हात धरतेच. पण मुलांचा हात धरणारी माणसं आणि चाकाखाली मोगरी धरणारी माणसं सारख्याच संख्येनं लागतात, आणि दुसरी मला दिसत नाहीत.

त्या रात्री, सांगायचं राहिलं, मुली पलीकडे गेल्याच नाहीत. पलीकडच्या आयांनी परस्परच ठरवलं होतं, त्यांची भुलाबाई तिकडे, आमची इकडे. सात-आठ मुलींनी आमच्या गच्चीवर गाणी म्हटली. खाऊ कुणालाच ओळखता आला नाही, भाजलेले भोपळ्याचे बी होते. धाकटी खूश होती. तिची जिवलग मैत्रीण पलीकडची, तिच्याशी व्हिडिओ कॉलवर टिपऱ्या वाजवून झाल्या. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बरं झालं ना, घरातल्या घरात." बरं झालंच. फक्त घराघरांतून फिरायचा हा एकच सण मुलींचा होता, आणि तोही आता दारातून आत आला.

यंदा गल्लीतल्या बायकांनी थोडं पुढचं ठरवलंय. हायवेचं आमच्या हातात काही नाही, पण गल्ली आमची आहे. कोजागरीला संध्याकाळी सात ते दहा गल्लीची दोन्ही तोंडं बंद. एका टोकाला पाण्याचा टँकर उभा करायचा की मंडळाची बाकडी लावायची यावर बरीच चर्चा झाली. टँकर नको, ॲम्ब्युलन्स आली तर हलवणार कोण, असं कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या आणि सगळ्यांना ते पटलं. म्हणून बाकडी, त्यांवर लाल दिव्यांची माळ, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं, जी गरज पडली तर बाकडं उचलतील. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांनी गाडी बाहेर लावून आत चालत यायचं, त्यांना दुधाचा एक पेला. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज माझ्या अक्षरात लिहून तयार आहे. गल्लीतली पुरुषमंडळी नाही तरी कोजागरीला गच्चीवर पत्ते कुटत बसतात, ती तोंडावर बसून कुटतील. चांदणं तिथेही तेवढंच पडतं. पुतण्याचं नाव मी पहिल्या टोकावर टाकलंय आणि दूध दुपारीच आणायचं जाऊबाईंनी कबूल केलंय, निदान तोंडानं तरी.

अडलंय ते समोरच्या भाऊंपाशी. त्यांची मोठी गाडी रात्री दारातच लागते, आणि नवी आहे म्हणून बाहेर हायवेच्या कडेला लावायला त्यांचा जीव धजत नाही. सातच्या आत आणून लावा, म्हटलं. तर म्हणाले, "सातला तर माझं गिऱ्हाईक सुरू होतं, वहिनी." मग आत येताना मुलींच्या घोळक्यापुढे तुम्ही स्वतः चालत या, गाडी मुलगा हळू आणेल, असं सुचवून पाहिलं. ते नुसते हसले, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. अर्जावर त्यांची सही अजून व्हायची आहे.